सहावा गठ्ठा

सरकारी कार्यालयात सहा गठ्ठे पद्धतीनं ज्यानं टेबल सांभाळलं आहे, त्याला ‘इन्फर्मेशन गव्हर्नन्स’ शिकवायला सल्लागार लागू नये. शेवटचा गठ्ठा ‘ड’ कागदांचा, मुदत संपली की नष्ट करायचा. काय ठेवायचं याइतकंच काय टाकायचं हेही ठरलेलं. ईमेल आणि चॅट आले नि सगळं एकतर साठत राहिलं, नाहीतर आपोआप पुसलं जाऊ लागलं. गठ्ठा बांधणारं कुणीच नाही.

*

गूगलचंच बघा. प्ले स्टोअरच्या मक्तेदारीविरुद्धचा खटला चालू, पुरावा जपण्याची जबाबदारी डोक्यावर. पण कर्मचाऱ्यांच्या चॅटची हिस्टरी बंद असली की संदेश 24 तासांत नाहीसे होत, आणि ती चालू करायची की नाही हे कंपनीनं ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं. मार्च 2023 मध्ये न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी कंपनीला दोषी धरलं. डिसेंबरमध्ये ज्युरीला सांगण्यात आलं की पुसलेले संदेश गूगलच्या विरोधात जाणारे होते, असं मानायला तुम्ही मोकळे आहात.

*

मे 2025 मध्ये अगदी उलट. न्यूयॉर्क टाइम्सच्या कॉपीराइट दाव्यात ओपनएआयला आदेश झाला: चॅटजीपीटीची उत्तरं पुसू नका, वापरणाऱ्यानं स्वतः काढून टाकलेलीसुद्धा. ज्यांचा दाव्याशी काडीचा संबंध नाही, त्यांच्या खाजगी गप्पाही पुराव्यासाठी राखून ठेवायच्या! सप्टेंबरअखेर हे बंधन संपलं. मला हा आदेश गूगलच्या प्रकाराइतकाच अस्वस्थ करतो.

*

आणि राखून ठेवलेल्यात यंत्रानं शोधलं की सगळं सापडतं, हा भ्रम जुना आहे. 1985 मध्ये ब्लेअर आणि मेरन या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वे अपघाताच्या खटल्यातल्या सुमारे 40,000 दस्तऐवजांमधला संगणकीय शोध तपासला. वकिलांना वाटत होतं, कामाचे 75 टक्के कागद हाती आले. आले होते 20 टक्क्यांच्या आसपास. ‘अपघात’ म्हणून शोधावं, तर प्रतिवादींच्या कागदांत कुठे ‘घटना’, कुठे ‘परिस्थिती’. आजची एआय साधनं शब्दामागचा अर्थ धरतात, त्यामुळे ही पळवाट बरीच बुजली. पण जो दस्तऐवज समोर आलाच नाही, त्याचा अर्थ कोण लावणार?

*

आपल्याकडचा धडा जालन्याचा. 2014 ची विधानसभा, अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी, कैलास गोरंट्याल न्यायालयात. मुद्दा एवढाच की खोतकरांचा उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत आला की नंतर. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात चित्रीकरण झालं होतं, ते होतंही तिथेच. पण त्याच्या नकलेसोबत लागणारं, पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र मागूनमागूनही मिळेना. शोधायचं काही नव्हतं. अडलं होतं एका सहीपाशी. औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्याची उलटतपासणीतली साक्ष पुरेशी मानून निवडणूक रद्द केली. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं: मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र हवंच, पण पक्षकारानं हातातलं सगळं करूनही ते मिळालं नाही तर त्याला त्याची शिक्षा नको. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं; तोवर ती विधानसभाच संपून गेली होती.

*

1 जुलै 2024 पासून 65-ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. प्रमाणपत्राचे आता दोन भाग, एक सादर करणाऱ्या पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश मूल्य लिहायचं. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते, त्यामुळे कल्पना चोख आहे. मुंबईतल्या कंपनीच्या कायदा विभागाला हे अवघड नाही. तालुक्याच्या कोर्टात उसनवारीच्या दाव्याला व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडणाऱ्यानं मात्र तज्ज्ञ कुठून आणायचा, आणि त्याची फी दाव्याच्या रकमेहून जास्त झाली तर काय करायचं?