चार पाकळ्यांचे फूल

वास्तू उभी राहते ती माणसांच्या श्रमाने, आणि पाडली जाते तीही माणसांच्याच हातांनी. जुनी इमारत पाडायची ठरली म्हणजे तुळया उतरवल्या जातात, दारे-खिडक्या विकल्या जातात, आणि काही महिन्यांत जागा मोकळी होते. परंतु तेथील भिंतींवर एखाद्या कलावंताच्या आयुष्यभराच्या साधनेतून उमललेली नक्षी असेल, तर तिचे काय होते? तीही मातीमोल होते काय? जपानच्या राजधानीत, टोकियो शहरात, २०१५ साली हा प्रश्न अनेकांच्या मनात उभा राहिला. त्याचे उत्तर वास्तुशिल्पी, सुतार आणि विणकर यांनी मिळून दिले.

त्या वास्तूचे नाव हॉटेल ओकुरा. दुसऱ्या महायुद्धात टोकियोचा मोठा भाग जळून गेला होता. त्या राखेतून शहर पुन्हा उभे राहत होते. १९६४ साली तेथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. देशोदेशींचे पाहुणे येणार; त्यांना कोठे उतरवावे आणि जपानचे कोणते रूप दाखवावे? किशिचिरो ओकुरा या उद्योगपतींनी ठरवले की, युरोपातील हॉटेलांची नक्कल करावयाची नाही. जपानी सौंदर्याची ओळख पटेल असे हॉटेल बांधावयाचे. २० मे १९६२ रोजी ते सुरू झाले.

त्याच्या रचनेत प्रमुख वाटा होता योशिरो तानिगुची या वास्तुशिल्पींचा. त्यांचा जन्म १९०४ साली कानाझावा नगरात झाला. त्यांचे घराणे कुतानी नावाच्या प्रसिद्ध रंगीत चिनी मातीच्या भांड्यांचा व्यवसाय करणारे. तेव्हा रंग आणि नक्षी ही त्यांना बाळपणापासूनच परिचयाची होती. त्या काळी जगातील बहुतेक नवे वास्तुशिल्पी नक्षीला नाक मुरडीत असत. सिमेंट, पोलाद आणि काच यांच्या सरळ, स्वच्छ रेषा हेच इमारतीचे खरे सौंदर्य. वेलबुट्टी ही केवळ उधळपट्टी, असे त्यांना वाटे. तानिगुचींनी नवी सरळ रेषा तर स्वीकारलीच, पण तिच्या अंगाखांद्यावर जुन्या जपानची नक्षीही खेळू दिली.

हॉटेलाच्या प्रवेशदालनात पाऊल टाकले की प्रथम जाणवे ती शांतता. छताला दिव्यांच्या माळा लोंबत होत्या. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जपानी लोक पैलू पाडलेल्या स्फटिकमण्यांच्या माळा गळ्यात घालीत. त्या मण्यांच्या आकाराचे कंदील एकाखाली एक असे गुंफलेले होते. खाली रोगण दिलेली गोल मेजे आणि त्यांच्याभोवती खुर्च्या. वरच्या सज्जातून खाली पाहिले, की मेज म्हणजे फुलाचा गाभा आणि खुर्च्या म्हणजे पाकळ्या, अशी प्लमची फुले जमिनीवर उमललेली दिसत. खिडक्यांना पांढऱ्या कागदाचे पडदे होते. त्यांतून उन्हाचा प्रखरपणा गाळून केवळ मंद उजेड आत येई.

दालनात लाकडी जाळीही होती. तिच्यावरील नक्षीला ‘आसानोहा’ म्हणजे अंबाडीसारख्या एका ताग-झाडाचे पान असे म्हणतात. हे झाड भराभर आणि सरळ वाढते. आपले मूलही तसेच सरळ आणि निरोगी वाढावे, म्हणून जपानी माता तान्ह्या बाळाच्या अंगड्यासाठी या नक्षीचे कापड वापरीत. म्हणजे ही नक्षी केवळ शोभा नव्हती. तो एक आशीर्वाद होता. अशी जाळी करताना सुतार लाकडाच्या बारीक पट्ट्यांना नेमक्या कोनात खाचा पाडतो आणि एकही खिळा न ठोकता त्या एकमेकींत बसवतो. खाच केसभर चुकली, तरी सगळी जाळी कुरकुरू लागते.

परंतु दालनातील सर्वांत मोलाची नक्षी होती ती भिंतीवरच्या रेशमी वस्त्रात विणलेली. चार पाकळ्यांचे एक फूल, त्याच्या शेजारी तसेच दुसरे, त्याच्या खाली तिसरे. अशी ओळीने मांडलेली फुले. ही नक्षी केन्किची तोमिमोतो यांची. तोमिमोतो यांचा जन्म १८८६ साली नारा प्रांतातील एका खेड्यात झाला. तरुणपणी ते लंडनला गेले आणि तेथील संग्रहालयात बसून देशोदेशींच्या कलावस्तूंची चित्रे काढू लागले. पुढे एका जपानी वास्तुशिल्पींचे साहाय्यक म्हणून, छायाचित्रे घेण्याच्या कामी, त्यांनी इजिप्त आणि हिंदुस्थान या देशांचाही प्रवास केला. मायदेशी परतल्यावर ते कुंभारकामाकडे वळले, आणि अखेर त्यांची गणना जपानच्या थोर कलावंतांत होऊ लागली. १९५५ साली जपान सरकारने त्यांच्या कलेचा राष्ट्राचा ठेवा म्हणून गौरव केला.

एवढी संग्रहालये पाहिलेल्या या माणसाने स्वतःपुरता एक कडक नियम घालून घेतला होता. दुसऱ्याच्या नक्षीवरून नक्षी काढावयाची नाही! नक्षी हवी असेल तर शेतात जावे, झाडापाशी बसावे, पान-फूल डोळे भरून पाहावे आणि मग कागदावर रेघ ओढावी. त्यांचे चौपाकळी फूलही असेच एका वेलावरून आले. ‘तेइकाकाझुरा’ नावाचा हा वेल. त्याची फुले लहान, पांढरी, सुवासिक. पाकळ्या भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या किंचित वळलेल्या. मात्र या फुलाला पाकळ्या असतात पाच. मग तोमिमोतोंच्या फुलाला चारच का?

याचे उत्तर चौकटीच्या वहीत सापडते. कापडावरची किंवा भांड्यावरची नक्षी एका फुलाने पुरी होत नाही; एकाला लागून दुसरे फूल नीट बसावे लागते. चौरसाचा प्रत्येक कोन ९० अंशांचा. चार चौरस एका बिंदूभोवती ठेवले, की ३६० अंश भरतात आणि मध्ये फट राहत नाही. सम षट्कोनाचा कोन १२० अंशांचा. असे तीन षट्कोन जुळवले तरी बिंदू भरून निघतो. आसानोहाची जाळी षट्कोनांत चपखल बसते, ती यामुळेच. परंतु सम पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर ३६ अंशांची फट उरते, आणि चौथा काही केल्या तीत मावत नाही. पाच पाकळ्यांचे फूल वेलावर शोभून दिसते. पण त्याला शेजारी मिळवून देणे अवघड. तोमिमोतोंनी त्याची एक पाकळी कमी केली आणि ते फूल चौरसात बसवले. निसर्गाकडून जे घ्यावयाचे ते त्यांनी डोळसपणे घेतले, आणि जे बदलावयाचे ते विचारपूर्वक बदलले. हॉटेल सुरू झाले तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, ते निवर्तले.

पन्नास वर्षे लोटली. इमारत जुनी झाली. जपान हा भूकंपांचा देश. तेथे जुनी इमारत म्हणजे चिंतेचा विषय. ती पाडून नवी उंच इमारत बांधण्याचा बेत २०१४ साली जाहीर झाला. ही वार्ता पसरताच दूरदूरच्या कलाप्रेमींना हळहळ वाटली. तोमास मायर या वस्त्ररचनाकारांनी लोकांना आवाहन केले की, या दालनातील आपापली छायाचित्रे प्रसिद्ध करा आणि ते वाचवण्यासाठी आवाज उठवा. अनेकांनी तसे केले. पण निर्णय बदलला नाही. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी जुन्या मुख्य इमारतीची दारे मिटली आणि पुढे ती पाडण्यात आली.

मात्र त्या दालनाचा पुनर्जन्म व्हावा, असेही ठरले होते. हे काम कोणी करावे? योशिरो तानिगुची १९७९ सालीच निवर्तले होते. त्यांचे पुत्र योशिओ तानिगुची हेही थोर वास्तुशिल्पी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचा २००४ साली पूर्ण झालेला विस्तार त्यांच्याच कल्पनेतून साकारला होता. ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या पुत्राने पित्याचे दालन पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ज्याने जगभर स्वतःची नाममुद्रा उमटवली, त्याला येथे स्वतःचे काही दाखवावयाचे नव्हते. आपली हौस बाजूस सारून पित्याच्या रेषेमागून चालावयाचे होते. कर्तबगार माणसाला ही कसोटी मोठी कठीण असते.

एकट्या वास्तुशिल्पीने दालन उभे राहत नाही. चौपाकळी फुलांचे रेशमी वस्त्र विणण्यासाठी क्योटो नगरातील निशिजिन पेठेचे साहाय्य घेण्यात आले. निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी. पंधराव्या शतकात तेथे सैन्याचा तळ पडला होता. युद्ध संपले, सैनिक गेले, आणि त्या जागी विणकरांनी माग मांडले. तेव्हापासून तेथे धोट्याचा आवाज चालू आहे. तेथील विणकामाच्या एका जुन्या पद्धतीत विणकर आपल्या बोटांची नखे कानशीने घासून त्यांना फणीसारखे दाते पाडतो आणि ताण्यात भरलेला बाण्याचा रंगीत धागा त्या नखांनीच दाबून बसवतो. असे कसब पुस्तकात वाचून येत नाही. ते बापाकडून लेकाकडे, गुरूकडून शिष्याकडे, हातातून हातात जाते. पन्नास वर्षांपूर्वीची नक्षी पुन्हा विणता आली, कारण मधल्या काळात निशिजिनचे माग थांबले नव्हते. लाकडी जाळी पुन्हा जुळली, कारण खाच पाडणारे सुतार अजून होते. एकही पिढी हातावर हात ठेवून बसली असती, तर छायाचित्रे पाहून हळहळण्यावाचून दुसरे काय उरले असते?

१२ सप्टेंबर २०१९ रोजी नवे हॉटेल सुरू झाले. एक्केचाळीस मजल्यांच्या उंच मनोऱ्यात पाचव्या मजल्यावर ते दालन पुन्हा उभे राहिले. तेच मण्यांचे कंदील, तीच प्लमची फुले, तीच पानांची जाळी आणि भिंतीवर तेच चार पाकळ्यांचे फूल. पुत्राने पित्याचे ऋण फेडले. २०२४ साली योशिओ तानिगुचीही निवर्तले.

हे जुनेच दालन म्हणावे, की त्याची केवळ प्रतिकृती? काही जाणकारांना आजही जुन्या इमारतीची आठवण अस्वस्थ करते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. जुन्या भिंतींवर पन्नास वर्षांच्या वावराची जी छाया पडली होती, ती नव्याने विणता येत नाही. जे एकदा पाडले, ते पाडले. म्हणूनच कुदळ उचलण्यापूर्वी माणसाने दहादा विचार करावा.

पण नक्षीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती विटेत नसते, रेशमातही नसते. ती असते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आणि करणाऱ्याच्या बोटांत. ज्या वेलाकडे पाहून तोमिमोतोंनी पहिली रेघ ओढली, त्याची फुले केव्हाच गळून गेली. पहिल्या वस्त्राची भिंतही गेली. तरी आज त्या दालनात येणाऱ्या वाटसरूला चार पाकळ्यांचे फूल ताजे दिसते. ज्या समाजात शिकवणारे हात आणि शिकणारे हात एकमेकांना धरून असतात, तेथे अशी फुले पुनःपुन्हा उमलतात.