बारा चेहरे, एकच माप

बेस्ट म्हटले की मुंबईच्या नातेवाइकांना अजूनही लाल बस आठवते. आम्ही राहतो ते बेस्ट नेदरलँड्सच्या ब्राबांत प्रांतातले, आइंडहोव्हनच्या शेजारचे छोटे गाव आहे. बाटाने येथे बुटांचा कारखाना उभारला; त्याच्या कामगारांची वसाहत आजही बाटाडॉर्प या नावानेच ओळखली जाते. आता येथे फिलिप्सची वैद्यकीय यंत्रे तयार होतात, माणसाच्या शरीराच्या आतले चित्र काढणारी. बाहेरचे चित्र काढणे त्यामानाने सोपे असावे, असा आमचा समज मागच्या वसंत ऋतूपर्यंत होता.

आमचा मुलगा अकरा वर्षांखालील फुटबॉल संघात खेळतो. या वयात अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध आठ असा खेळ असतो. संघात मुले बारा. शर्ट धुणे, गाडीतून मुलांना नेणे, मध्यंतरात फळे कापणे ही कामे पालक आळीपाळीने करतात. हंगाम संपताना कँटीनच्या भिंतीवर प्रत्येक मुलाचे एक छायाचित्र-पोस्टर लावावे, असे प्रशिक्षकांनी सुचवले. तेही कुणाचे तरी वडीलच आहेत. ‘तुम्ही दोघेही संगणकवाले, तुम्हाला जमेल,’ असे त्यांनी सहज म्हटले आणि आम्हीही सहज होकार दिला. संगणक अभियंत्याला चित्रकला येते, हा गैरसमज जगात सर्वत्र सारखाच आहे.

त्यांच्या अटी तीन होत्या. सर्व पोस्टर एकाच मापाची. पोस्टरवर फक्त पहिले नाव आणि शर्टाचा क्रमांक. आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुणाचाही फोटो नाही, कारण युरोपचा माहिती-संरक्षण कायदा 25 मे 2018 पासून लागू आहे आणि या देशात सोळा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत संमती पालकांची लागते. तिसरी अट आम्हाला कार्यालयातून परिचित होती. दुसरी वाचून मनातून हलके वाटले. त्याचे कारण या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पहिलीत काही विशेष आहे असे त्या दिवशी वाटलेच नाही.

पोस्टर म्हणजे काय, हे आम्ही कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. आमच्यापैकी एकाचे बालपण नागपूरच्या इंदोऱ्यात गेले, दुसरीचे औरंगाबादच्या वस्तीत. दोन्हीकडे एप्रिलचा पहिला आठवडा फ्लेक्सच्या दुकानात जायचा. कोरल ड्रॉ उघडलेले, पंखा घरघरतो आहे, आणि मंडळाची पोरे पाकिटातून पासपोर्ट फोटो काढून टेबलावर टाकत आहेत. वर बुद्ध आणि बाबासाहेब, बाजूला जोतीराव, शाहू महाराज. सावित्रीमाई आणि रमाई, जागा उरली तर. खाली मार्गदर्शक, त्याहून लहान कार्यकर्ते, आणि अगदी तळाशी शुभेच्छुकांची रांग, बोटाच्या पेराएवढी. कुणाचा फोटो कुणाहून किती इंच मोठा, यावरून भांडणे झालेली आम्ही पाहिली आहेत. मंडळ फुटल्याचेही पाहिले आहे. ज्याने दोनशे रुपये वर्गणी दिली त्याचे डोके दोनशे रुपयांएवढे, आणि ज्याने रात्रभर खांबावर चढून पताका बांधल्या त्याचे डोके कुठेच नाही.

तरीही त्या रांगेची थट्टा आम्हाला करवत नाही. आमच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही. पणजोबांचा असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होत असे, त्यांच्या नातवाचा चेहरा चौकात दहा फूट उंचीवर, बाबासाहेबांच्या खाली झळकतो, तेव्हा त्याच्या आईला काय वाटत असेल, हे तळाच्या रांगेकडे नाक मुरडणाऱ्यांना कळणार नाही. पावसाळा तोंडावर आला की तेच फ्लेक्स उतरवून कुणाच्या तरी पत्र्यावर अंथरले जातात. मार्गदर्शक आणि शुभेच्छुक तेव्हा एकाच पातळीवर येऊन पाणी अडवतात.

ही सारी शिदोरी घेऊन आम्ही शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला बसलो. बसलो हे महत्त्वाचे: उभे राहून काढलेल्या फोटोत मूल बुटके दिसते, गुडघ्यावर बसले तर ते त्याच्या खऱ्या उंचीचे होते. धावणारे पाय गोठवायचे तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग लागतो, आणि ब्राबांतच्या मार्चमधल्या ढगाळ प्रकाशात तो परवडत नाही. तीन शनिवारांत सहाशेच्या वर फोटो जमले. घरी येऊन नावानुसार लावले, तेव्हा दिसले की दोन मुलांचे शंभराहून अधिक आहेत, आमच्या मुलाचे अर्थातच सत्तर, आणि एका मुलाचे फक्त नऊ. त्या नवांपैकी सहा बाकावरचे.

हे आम्ही ठरवून केले नव्हते. कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, आणि चेंडू चांगल्या खेळाडूंकडे जातो. एवढेच. पण ‘ठरवून केले नव्हते’ हे वाक्य आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. भरतीच्या यादीत आपले कुणी नाही, सत्काराच्या व्यासपीठावर आपले कुणी नाही, आणि कुणीही ते ठरवून केलेले नसते. चौथ्या शनिवारी आम्ही चेंडू सोडून दिला आणि सबंध सामना त्या एका मुलाकडेच कॅमेरा धरला. तो चेंडूविना किती धावतो, दुसऱ्याने गोल केला की दोन्ही हात वर करून कसा ओरडतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्याचे पोस्टर बाराही पोस्टरांत सर्वांत चांगले उतरले.

बाकाचा विषय निघाला की आम्हाला पळवणकर बाळू आठवतात. चर्मकार घरातल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने पुण्यात इंग्रज साहेबांना सरावासाठी गोलंदाजी केली. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदानावर चेंडू मात्र सगळ्यांचा एकच. 1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले. 1920 साली त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल या अन्यायाविरुद्ध संघातून बाहेर पडले, आणि 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. एवढे असूनही आमच्या फ्लेक्सवर बाळूंचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही. कारण ठाऊक आहे: 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ती त्यांची चूक होती असे आम्हीही मानतो. पण एका निवडणुकीसाठी 114 बळी पुसायचे, तर आपलीही माणसे मोजण्याची पट्टी तपासून पाहावी लागेल.

आपल्या मुलाचे पोस्टर आम्ही शेवटी घेतले. रात्रीचे अकरा वाजले होते. पांढरे शर्ट आणि गोरे चेहरे यांच्या गर्दीत कॅमेरा प्रकाशाचा सरासरी अंदाज घेतो आणि सावळा चेहरा अंधारात ढकलतो. हे जुने दुखणे आहे. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी कार्डे मिळत, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे, आणि तिला धरूनच साऱ्या जगाची कातडी छापली जाई. तेव्हा चेहरा उजळणे भाग होते. उजळला. डोळ्यांना मैदानावर दिसला होता तेवढा झाला, तिथे थांबायला हवे होते. हात थांबला नाही. तपकिरी थोडी कमी, गालावर थोडी सफाई. पासपोर्ट फोटो काढताना ‘थोडं साफ करून देऊ का?’ असे विचारणारा स्टुडिओवाला आमच्या बोटांत कधी येऊन बसला, ते कळले नाही.

सकाळी मुलाने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘दात बेन इक नीट.’ डच भाषेतला ‘नीट’ म्हणजे ‘नाही’. हा मी नाही. आम्ही मात्र क्षणभर मराठीतला ‘नीट’ ऐकून सुखावलो होतो.

त्याने आरोप केला नव्हता. चूक दाखवली होती, जशी चुकीचा क्रमांक पडल्यावर दाखवली असती. त्याला गोरे करावे अशी इच्छा आमच्या मनात असल्याचे कुणी म्हटले असते, तर आम्ही भांडलो असतो. आमच्या लग्नाच्या फोटोंतले आमचे चेहरे आम्ही त्या संध्याकाळी पुन्हा काढून पाहिले. तेही आम्ही नव्हतो.

मग सगळे बाराही चेहरे पुन्हा तपासले. मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातल्या मुलाचाही चेहरा आम्ही नकळत ‘साफ’ केलेला निघाला. एका मुलाच्या पालकांनी संमती दिली नव्हती. कारण विचारण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. आम्ही विचारले नाही. त्यानेच तोडगा काढला: चिखलाने भरलेले त्याचे बूट आणि चेंडू. माप तेच, ए-थ्री, 297 बाय 420 मिलिमीटर. पार्श्वभूमीला आम्ही निळा घेतला. पडद्यावरचा निळा छापताना जांभळट होतो, किरमिजी शाईचे प्रमाण उतरवावे लागते. इंदोऱ्यातल्या ऑपरेटरला हे कुठलेही पुस्तक न वाचता येत असे. पहिली नमुनाप्रत जांभळीच आली. दुसऱ्यांदा जमले.

त्याच आठवड्यात आमच्या गटाच्या जयंतीचे पोस्टरही आम्हीच करत होतो. आयोजकांचे फोटो, जुन्या सवयीने, तीन मापांचे लावून झाले होते. ते आम्ही एका मापाचे केले आणि पाठवून दिले. दोन ज्येष्ठांचे फोन आले. त्यांतला एक अजून पुरता निवळलेला नाही.

कँटीनमध्ये पोस्टर लागली त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघाबरोबर आलेले एक मराठी पालक भेटले. आनंदाने गप्पा झाल्या, आणि मग पोस्टरकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, ‘अरे वा, पण पूर्ण नाव काय मुलाचे?’ आम्ही म्हणालो, ‘इथे सगळ्यांची पहिलीच नावे आहेत.’ ते खरेही होते. त्यांनी बाराही पोस्टरांवरून नजर फिरवली, आणि मग कॉफीचा विषय निघाला.

जूनमध्ये पोस्टर उतरवून ज्याची त्याला दिली. घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आम्ही खिळा ठोकून ठेवला होता. मुलाने खिळ्याकडे पाहिले आणि पोस्टर आपल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. ‘ती भिंत तुमची आहे,’ म्हणाला. खिळा अजून तसाच आहे.