नळाला मुंग्या येतात



मागच्या वेळी बाजरीच्या खारोड्यांवर लिहीन म्हणाले होते, ते पुढे ढकलते. मध्येच आमच्याकडे गिझरचं प्रकरण झालं. ते आधी सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या न्हाणीघरात आमच्याइतकाच जुना गिझर टांगलेला असणार.

आमचा पंचवीस लिटरचा. 2004 साली पाथर्डीचा वाडा सोडून नगरला सावेडीत राहायला आलो, तेव्हा घेतलेला. (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही, समजून घ्या.) पाथर्डीला तांब्याचा बंब होता. सासूबाई पहाटे बंब पेटवायच्या, पण त्याआधी एकेक लाकूड अंगणात आपटून, पुंजणीने पुंजून घ्यायच्या. पावसाळ्यात एका लाकडातून इतक्या मुंग्या आणि वाळवी निघायची की ते बाजूला ठेवून दुसरं घ्यावं, तर त्यातही तेच. पाणी दुहेरी कपड्याने गाळून बंबात, जिवाणी परत आडात. एवढं सगळं करून अंघोळीला प्रत्येकी एक बादली.

नगरला आल्यावर गिझरला त्यांनी होकार दिला तो याच एका कारणाने. अपकाय आणि तेउकायाची हिंसा बंबातही आहे आणि गिझरमध्येही आहे, पण लाकडातले त्रस जीव तरी वाचतील, असा त्यांचा हिशोब. अणगळ पाणी तापतं याची मात्र त्यांना शेवटपर्यंत रुखरुख होती. ह्यांनी गच्चीवरच्या टाकीच्या नळाला कपडा बांधून दिला, तेव्हा कुठे त्या गिझरच्या पाण्याने न्हायल्या. त्या गेल्याला आता नऊ वर्षं झाली. तो गिझर म्हणजे मला त्यांनी मंजूर केलेली वस्तू वाटायची, म्हणून बदलायचा विषय निघाला की मी टाळायचे.

चातुर्मास उठला, थंडी पडायला लागली. आमच्याकडे सोळा वर्षं कामाला असलेल्या मावशी कपडे धुता धुता म्हणाल्या, "भाभी, नळाला मुंग्या येतात."

मी चष्मा लावला, पुंजणी घेतली आणि न्हाणीत गेले. नळामागची भेग बघितली, फरशीचे सांधे बघितले, मोरीची जाळी उचलून बघितली. एकही मुंगी नाही. तरी कडेने हळदीची रेघ ओढून आले. दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा म्हणाल्या, तर मी सांगितलं, "नाहीत हो मुंग्या, मी नीट बघितलंय." त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून प्लॅस्टिकची चप्पल घालून कपडे धुवायला लागल्या. आणि मी काय करावं? बाहेरची चप्पल न्हाणीत नको म्हणून त्यांना ती काढायला लावली. दोन दिवस त्या ओल्या फरशीवर अनवाणी बसून धुणं धूत होत्या. थंडीत त्यांना कपड्यांसाठी कोमट पाणी मिळावं म्हणून गिझर मीच चालू ठेवत होते, आणि त्याचं पुण्य मनातल्या मनात जमेच्या बाजूला लिहूनही ठेवलं होतं.

रविवारी मी स्वतः ओल्या हाताने नळ उघडला. कोपरापर्यंत झिणझिणी गेली आणि हात आपोआप मागे आला. तेव्हा कळलं मावशी कुठल्या मुंग्या सांगत होत्या.

ह्यांनी आधी मेन स्विच बंद केला. मग दुकानातून माणूस बोलावला. त्याने गिझरकडे खालूनच बघितलं, स्क्रू सुद्धा काढला नाही, म्हणाला, "काकू, वीस वर्षं वापरलात, आता नवाच घ्या." मला राग आला. न उघडताच निदान करणारा डॉक्टर असो की मेकॅनिक, माझा विश्वास बसत नाही. मागच्या गल्लीतला आय.टी.आय. झालेला एक वायरमन मुलगा बोलावला. त्याने गिझर उतरवून उघडला.

आतून काय निघालं म्हणून सांगू! पांढऱ्या-पिवळ्या क्षाराच्या खपल्या, अर्धं घमेलं भरून. आपल्याकडे मुळा धरणाचं पाणी येतं ते ठीक, पण नळ येत नाही त्या दिवशी सगळा भार बोअरवर, आणि आमच्या बोअरचं पाणी जड. पाणी तापलं की त्यातला क्षार बाहेर पडून कॉइलवर बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि तिचं कवच तडकतं. आमची तशीच तडकली होती, त्यामुळे करंट पाण्यात उतरत होता. आत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. टाकीच्या लोखंडाऐवजी ती झिजते, म्हणजे टाकी गंजत नाही. ती एक-दोन वर्षांनी तपासायची, झिजली असली तर बदलायची. वीस वर्षांत आम्ही ती एकदाही बदलली नव्हती. तिच्या जागी नुसती तार उरली होती.

"एम.सी.बी. होता की, मग तो का नाही पडला?" मी विचारलं. त्याने समजावलं ते इथे सांगते, कारण माझ्यासारखीच कल्पना बऱ्याच जणींची असेल. दोन हजार वॅटचा गिझर साधारण नऊ अँपिअर ओढतो, एम.सी.बी. असतो सोळाचा. माणसाला मारायला त्याचा अगदी लहानसा अंशही पुरतो, तेवढ्याने एम.सी.बी. हलतसुद्धा नाही. त्यासाठी आर.सी.सी.बी. वेगळा लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो ताडून बघतो, आणि तीस मिलिअँपिअरच्या आसपास तूट दिसली की बंद पडतो. मला हे लगेच पटलं. रोजची शिल्लक जुळली नाही की पेढीवर कुणी उठायचं नाही, तसंच हे.

आणि अर्थिंग? कढीपत्त्याच्या झाडाजवळ अर्थिंगचा खड्डा होता. दहा वर्षांपूर्वी आम्ही अंगणात फरशी बसवली तेव्हा तो झाकला गेला आणि वायर तुटली. कुणाच्या लक्षातही नाही. तो मुलगा म्हणाला, "काकू, या अर्थिंगवर नवा गिझर लावलात आणि त्याची कॉइल फुटली, तरी शॉक बसणारच." म्हणजे दुरुस्ती की नवा, हा आमचा वाद चालू होता तेव्हा खरा बिघाड गिझरच्या बाहेरच होता. त्यामुळे पहिले पैसे अर्थिंगला आणि आर.सी.सी.बी.ला गेले.

मग मी वही काढली. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट, कांडी आणि मजुरी मिळून 2,300 रुपये. नवा घ्यायचा तर सात ते नऊ हजार. दुरुस्ती महसुली खर्च, नवा भांडवली खर्च. जुन्याचा घसारा कधीच पूर्ण झालेला, पुस्तकी किंमत शून्य. आकडे दुरुस्तीकडे झुकत होते आणि मीही. चालती वस्तू का टाकायची, अपरिग्रह आहे की नाही आपला? हे हसले. म्हणाले, "अपरिग्रह कुठला, तुला आईची वस्तू सोडवत नाहीये." मी उत्तर दिलं नाही.

निकाल टाकीने लावला. त्या मुलाने टॉर्च मारून आत दाखवलं. तळाच्या वेल्डिंगजवळचं अस्तर उडालेलं, लोखंडाला पापुद्रे सुटलेले आणि बाहेरून बोट फिरवलं तर ओल. कॉइल बदलता येते, थर्मोस्टॅट बदलतो, व्हॉल्व्ह बदलतो. टाकीच कुजली तर तिच्यावर पैसे घालायचे नाहीत. 2,300 घालून हिवाळा निघाला असता, पुढचा निघालाच असता असं नाही.

पुण्याहून मुलगा म्हणाला, गॅस गिझर घे, चुटकीसरशी पाणी. मी नको म्हटलं. आमच्या न्हाणीला एकच छोटी खिडकी, तीही थंडीत बंद. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीत त्याने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. सोलर आपल्या दृष्टीने सगळ्यात चांगला, त्यात अग्नीच नाही. पण आमच्या गच्चीवर शेजारच्या तीन मजली इमारतीची सावली पडते.

शेवटी नवाच घेतला, पण पंधरा लिटरचा. दुकानदार पंचवीसच घ्या म्हणत होता, पाहुणे आले तर? पण घरात आता आम्ही दोघंच. वीस अंशांचं पंचवीस लिटर पाणी साठपर्यंत तापवायला जवळजवळ 1.2 युनिट लागतात, पंधरा लिटरला 0.7. मी चौदा नियम धारते, त्यात न्हाणाची मर्यादा रोज ठरवते, आणि वर भिंतीला मात्र गरजेपेक्षा दहा लिटर जास्त टांगलेलं होतं. हे इतक्या वर्षांत मनातच आलं नाही. घेताना आय.एस.आय. खूण बघितली, तारेही बघितले. जास्त तारे म्हणजे साठवलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते.

मागे दोघी-तिघींनी विचारलं होतं म्हणून सांगते, गिझरचं पाणी उपवासाला चालत नाही. थर्मोस्टॅट पाण्याला उकळी येऊच देत नाही, आणि आपल्याला तीन उकाळे आलेलं पाणी लागतं. ते गॅसवरच करायचं.

राहिली मावशींची गोष्ट. पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षेसाठी मी पहिल्या व्रताचे पाच अतिचार घोकले होते: बंधन, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाण्यात अंतराय. चांगले मार्कही मिळाले होते. ते अतिचार आपल्या आश्रयाला असलेल्यांबद्दल आहेत, हे तेव्हा वहीत लिहिलंही होतं. त्या रविवारी संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि तिथवर आल्यावर पुढचं आठवेना. न दिसणाऱ्या मुंगीसाठी मी गुडघे टेकून मोरी शोधली, आणि समोर बसलेली बाई सांगत होती ते ऐकलं नाही.

सोमवारी मावशी आल्या तेव्हा हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटलं. त्या गोंधळल्या. "अहो भाभी, काय हे, शॉक तर तुम्हालाही बसला," म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या. त्यांच्यासाठी रबरी चपलांचा नवा जोड आणून न्हाणीच्या दाराशीच ठेवलाय. आर.सी.सी.बी.चं टेस्टचं बटण मी दर पौर्णिमेला दाबून बघते, तिथी लक्षात राहते म्हणून. गिझर आता पाणी तापलं की बंद करते आणि मगच मावशी न्हाणीत जातात. तरीही नळ उघडण्याआधी त्या बोटांची पालथी बाजू हळूच टेकवून बघतात. मी दारातून बघते, पण काही म्हणत नाही.