डबा

तर झालं असं, परवा शनिवारी माहुलला मावशीकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर मावसभावाने हळूच गच्चीवर नेलं. समोर रिफायनरीच्या चिमण्या. म्हणाला, "दादा, एक काम होतं. आईला सांगू नकोस."

वय वर्षं १५, नववीत, कबड्डीवेडा. अशा सुरुवातीनंतर दोनच शक्यता, मुलगी किंवा पैसे. पैसे निघाले. २८०० रुपये, व्हे प्रोटीनच्या डब्यासाठी. संघातल्या दोघांकडे आहे म्हणे, आणि त्याशिवाय मांड्या भरत नाहीत असं जिमवाल्या दादाचं मत.

आता पंचाईत अशी, की तसलाच डबा माझ्याही घरी आहे. महिन्यातून सहा वेळा जिमला जाणाऱ्या माणसाने कुठल्या तोंडाने उपदेश करायचा? म्हटलं, आधी काल काय खाल्लंस ते सांग. सवयीने मोबाइलवर एक्सेल उघडलं :)

सकाळी चहा-खारी. दुपारी शाळेबाहेर एक वडापाव. पाच ते सात सराव. रात्री नऊला कालवण-भात, पोटभर. बस्स. मागच्या आठवड्यात सरावात चक्कर येऊन खाली बसला होता, हेही बोलता बोलता कळलं.

इथे प्रोटीनचा प्रश्न नंतरचा. शरीराला आधी इंधन लागतं. भात-भाकरी पुरेशी नसेल तर ते प्रोटीनच जाळतं. म्हणजे चुलीला लाकडं नाहीत म्हणून सागवानी पाट आत घालायचा!

तरी हिशोब केला. रोज व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रोटीन धरलं तर ५० किलोच्या पोराला झाले ७५ ग्रॅम. दोन अंडी १२, पेलाभर दूध ८, मूठभर चणे-शेंगदाणे ७, उसळ-आमटीच्या दोन वाट्या १०-१२, भात-भाकरीतून २० तरी. आणि सुके बोंबील? १०० ग्रॅममध्ये जवळपास ६० ग्रॅम प्रोटीन! म्हणजे ४० ग्रॅम बोंबील खाल्ले की डब्यातल्या एका मापाएवढं मिळालं. पावसाळ्याची बेगमी म्हणून मावशीने पिंप भरून ठेवलेत.

"मग डबा का नेत नाहीस शाळेत?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आई सुकट देते. पोरं नाक दाबतात."

यावर एक्सेलमध्ये कुठला कॉलम टाकणार?

त्याला पावडर नको होती. चारचौघांत उघडता येईल असा डबा हवा होता. माझी बोलतीच बंद झाली. मीही कॉलेजात बांगड्याचा डबा जिन्याखाली बसून खाल्लाय.

मग जरा रीतसर बोललो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच म्हटलंय. काही पावडरींत स्टेरॉइडची भेसळ निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. आणि उत्तेजक चाचणीत सापडलेल्या गोष्टीला जबाबदार खेळाडू स्वतः. मुंबईचा पैलवान नरसिंग यादव २०१६ साली रिओपर्यंत पोचला होता. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं असं तो सांगत राहिला. भारतातल्या संस्थेने त्याला सोडलंही, पण क्रीडा लवादाने ४ वर्षांची बंदी घातलीच. शिवाय किशोर गटाला वजनाची मर्यादा असते, हे मी त्याला सांगायचं म्हणजे कमालच.

मावशीला अर्थातच सगळं ऐकू गेलं होतं. वर येऊन विचारते, "काय हाय रं त्या डब्यान?"

म्हटलं, दूध फाडून पनीर केलं की जे पाणी उरतं ना, ते सुकवून केलेली पावडर.

"फाटल्या दुधाचं पानी? अठ्ठावीसशेला?"

असो. तह झाला तो असा: शाळेत उकडलेली अंडी, चणे आणि भाकरी. सरावाआधी केळं किंवा भाकरी-गूळ. बोंबील घरी, रात्री, नाक न दाबणाऱ्या माणसांत. अंड्यांचा महिन्याचा खर्च माझ्याकडे.

परत येऊन माझा डबा उघडला. तळाशी अर्धी पावडर, गोळे झालेली. बंद करून ठेवला. सोमवारी ऑफिसला सुकट नेईन म्हणतोय... बघू, धीर होतो का.