कडक पान, ओलं पान

चामड्याचं पान उन्हाळ्यात बोलतं आणि पावसाळ्यात रुसतं. ढोल घ्या, ताशा घ्या, नाहीतर शाळेच्या बँडमधला साइड ड्रम घ्या, सगळ्यांची तऱ्हा एकच. वाजवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोराला हे न सांगता कळतं. आमच्या घरात कांद्याखेरीज काही पिकत नव्हतं, त्यामुळे मला ते कळायला 1985 चा एप्रिल आणि त्याच वर्षीचा 15 ऑगस्ट असे दोन हंगाम लागले.

तेव्हा मी नववीची परीक्षा देऊन बसलो होतो. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपायची आणि निकाल 1 मे ला, झेंडावंदन झाल्यावर. मधले 10-12 दिवस शिक्षक पेपर तपासायला शाळेत यायचेच, वर्ग मात्र मोकळे. पीटीच्या सरांनी या मोकळ्या दिवसांत बँडचं शिबिर बसवलं. त्या वर्षी महाराष्ट्राला 25 वर्षं पूर्ण होत होती, तहसील कचेरीपुढे बँड झोकात वाजला पाहिजे, असं वरून कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. शिबिर हा शब्दही जरा मोठाच झाला. फी नाही, फॉर्म नाही, फलक नाही. राहूड, दुगाव, वडाळीभोई, काजीसांगवीची पोरं चित्रकलेच्या वर्गात बाक जोडून झोपायची आणि गावातली आम्ही पोरं, घरी अंथरूण असूनही, हट्टानं त्यांच्यात जाऊन झोपायचो. आमच्या चांदवडला हे काही नवं नव्हतं. नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमात 1928 पासून मुलं राहून शिकत होती. आम्हाला मात्र 12 दिवस घराबाहेर झोपणं म्हणजे डोंगर सर केल्यासारखं वाटत होतं.

घरून परवानगी मिळवणं हीच पहिली कवायत. एप्रिलात उन्हाळ कांद्याची काढणी असते. "आधी कांदे काप, मग काय बडवायचं ते बडव," असं अण्णांनी सांगितलं. म्हणून मी एक दिवस उशिरा पोचलो, बोटांना पातीचा वास घेऊन. तो वास काड्यांना लागला तो शेवटपर्यंत गेला नाही.

शिकवायला बँडमास्तर होता. साक्रीकडचा माणूस, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. आता गंमत बघा, एप्रिल-मे म्हणजे ऐन लग्नसराई. त्यामुळे आमच्या शिबिराचं वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या नव्हे तर कालनिर्णयच्या हातात होतं. सर कॅलेंडरचं मागचं पान उलटून पाहायचे. मुहूर्त असेल त्या दिवशी मास्तर गायब, मुहूर्त नसेल त्या दिवशी पहाटे पाचला हजर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर त्याचं नावच काढायचं नाही. एकदा रात्रीची वरात आटोपून तो तसाच आला, अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात स्लीपर. "काय चालनं रे भो?" म्हणाला आणि लिंबाखाली बसून त्यानं चहा मागवला. चातुर्मासात तो गावी शेती करायचा, म्हणजे 15 ऑगस्टच्या आधी तो मिळणं शक्यच नव्हतं. आमचं शिबिर उन्हाळ्यात पडायचं खरं कारण हे.

वाद्यं किती? चार साइड ड्रम, एक मोठा ड्रम, दोन बिगुल, आठ बासऱ्या, एक झांजेची जोडी. पोरं 26. हिशेब तुम्हीच करा. उरलेल्यांनी नुसती कवायत करायची आणि कुणी आजारी पडतंय का याची वाट बघायची. ड्रमवाल्यांनाही ड्रम लगेच मिळत नसे. आग्रा रोडवर ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असायचे, ते आणायचे, विटेवर ठेवायचे आणि त्यावर काडी मारायची. रबरावर काडी उसळते, पानावर उसळावी तशीच. मास्तर शिकवायचा ती गोष्ट एकच: उजवा उजवा, डावा डावा. सावकाश सुरू करायचं आणि वाढवत न्यायचं. दोन हातांचे दोन-दोन ठोके इतके जवळ आले पाहिजेत की ठोके ऐकूच येऊ नयेत, कापड टरटर फाटत गेल्यासारखा एक सलग आवाज यावा. चार दिवस आमचं कापड फाटेना. पाचव्या दिवशी दुगावच्या एका पोराचं फाटलं, आणि मग संसर्ग झाल्यासारखं दुपारपर्यंत तिघांचं.

बिगुलवाल्यांचे हाल वेगळे. बिगुलाला कळ नसते, भोक नसतं. जे काय पाच-सहा सूर निघायचे ते ओठ आवळून-सैल करून काढायचे. वरून चांदवडचं ऊन. ओठ फुटायचे, मग रात्री तूप लावून झोपायचं आणि मुंग्या येतात म्हणून तोंडावर रुमाल.

ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक कांदा असायचा. हा उपाय आमच्याकडे आजही चालतो, त्याला शास्त्राचा आधार आहे की नाही यात मी पडत नाही. पण 26 पोरं 'तेज चल'वर मिनिटाला 120 पावलं टाकत निघाली की 26 कांदे मांडीवर ताल धरायचे. मास्तर म्हणायचा, ड्रम चुकला तर कांद्याचं ऐका. शिबिराचं पाणी म्हणजे दोन माठ. दुष्काळी तालुका. सकाळी नऊला माठ रिकामे झाले की सराव बंद, संध्याकाळी पाचला पुन्हा.

त्या संध्याकाळच्या सरावाचा आवाज मी विसरू शकत नाही. दिवसभर ड्रम चित्रकलेच्या वर्गात पत्र्याखाली तापलेले असायचे. चामड्यातला सगळा ओलावा उडून पान असं ताठ व्हायचं की बोटानं टिचकी मारली तरी 'टण्' करायचं. मागच्या बाजूच्या पानावर ताणलेली तात खणखणायची. चारही ड्रम एकदम सुटले की आवाज किल्ल्याच्या डोंगरावर जाऊन परत यायचा, पण उशिरा, आणि नवी पोरं त्या परतलेल्या आवाजाला पाय जुळवून चुकायची. "डोंगराचं ऐकू नका, माझं ऐका!" मास्तर ओरडायचा. 1804 मध्ये कर्नल वॉलेसच्या पलटणीनं होळकरांकडून चांदवड घेतलं, तेव्हा त्यांचेही ड्रम या डोंगरानं असेच परत पाठवले असतील. इतिहासाच्या पेपरात आम्ही हे काही लिहिलं नव्हतं.

1 मे ला रंगमहालावरून तहसील कचेरीपर्यंत गेलो. वाजवलं फक्कड. ऐकायला मात्र होतं कोण? तहसीलदार, पोलीस, शाळेची मुलं. निम्मं गाव लग्नांना गेलेलं, उरलेलं कांद्याच्या चाळीत. मुलांचं लक्ष निकालाच्या कागदावर. झेंडा वर गेला, आम्ही वाजवलं, सावलीच्या दिशेनं सगळे पांगले.

खरं गाव जमायचं ते 15 ऑगस्टला. प्रभातफेरी, दुतर्फा बायाबापड्या, दुकानांच्या पायऱ्यांवर म्हातारे, पुढे लेझीम. तीन वर्षांपूर्वी दिल्लीच्या एशियाडमध्ये लेझीम गाजल्यापासून तिला फार भाव आला होता. आणि आभाळ आठ दिवसांपासून गळतंय. सकाळी ड्रम काढले तर पानं पोळीसारखी मऊ. काडी मारावी तर 'भद'. उसळी नाही, टरटर नाही. सलग आवाज कसला, प्रत्येक ठोका चिखलात पाय घातल्यासारखा वेगळा. दोऱ्या आवळल्या, कातडी कान खाली ओढले, काही उपयोग नाही. तेवढ्यात मला शहाणपण सुचलं. हलगीवाले हलगी शेकतात हे मी पाहिलं होतं. शाळेच्या मागे दोन जुन्या पेपरांचा जाळ केला आणि माझा ड्रम वर धरला. पान खरंच ताठ होत गेलं. टिचकी मारली, टण्! उन्हाळा परत आला. मी म्हटलं, आणखी थोडं. आणि 'फट्' झालं.

हलगी फिरवत शेकतात, एका जागी धरत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फुटका ड्रम गळ्यात अडकवून, हवेत काड्या मारत, सगळ्या गावातून फिरलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण उरलेल्या तिघांचाही आवाज येत नव्हता. आई तेवढी म्हणाली, "उन्हाळ्यात बरं वाजवत होतात रे." तिला मैदानावरचा आवाज घरात ऐकू यायचा. ते 12 दिवस आमचा बँड खऱ्या अर्थानं ऐकला तो तिनं, पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी आणि डोंगरानं.

हे सगळं वर आलं ते पुतणीमुळे. एक भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याची मुलगी तिथल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवते. तिथे बँडचा कॅम्प ऑगस्टच्या आसपास, शाळा उघडायच्या आधी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डांबरावर. नंतर त्यांच्या फुटबॉल सामन्यांच्या मध्यंतरात सगळं गाव बघतं. व्हिडिओ कॉलवर तिनं मला पाण्याचा कॅन दाखवला, जवळपास चार लिटरचा, प्रत्येकीचा स्वतःचा. आमच्या दोन माठांची गोष्ट मी तिला सांगितली नाही. पावलाचं माप ऐकून मात्र मी हरखलो. त्यांच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमध्ये बरोबर आठ पावलं टाकायची. म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. आमचं फौजी पाऊल 30 इंचांचं, तेही रायपूर-राहूडच्या लांब टांगांच्या पोरांनी 36 वर नेलेलं. शिवाय प्रत्येकानं कितव्या ठोक्याला कुठे उभं राहायचं याचे आकडे फोनवर. सगळ्यांनी आपापल्या ठिपक्यावर पाय ठेवला की वरून बघणाऱ्याला आकृती दिसते. "काका, तुम्हाला कसं कळायचं कुठे उभं राहायचं?" मी म्हटलं, पुढच्याच्या मानेकडे बघून. ती हसली. खरंच पुढच्याची मान बघूनच 26 जण वळायचे, आणि पुढचा चुकला की 25 जण शिस्तीत चुकायचे.

चांदवडलाही आता उन्हाळी शिबिरं होतात. चौकात फ्लेक्स लागतो: अबॅकस, नृत्य, व्यक्तिमत्त्व विकास, त्यात कुठेतरी 'बँड व कवायत'. दहा दिवसांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, रोज फोटो. मैदानाच्या मागे आग्रा रोड चौपदरी झालाय, टायरचे तुकडे अजून पडतात पण उचलायला कोणी जात नाही, कारण प्रत्येकाला ड्रम आहे. मोठा ड्रम गेल्या वर्षी एका मुलीच्या छातीवर होता, आणि ती तो असा वाजवत होती की मला माझ्या वेळचे चार ड्रमवाले बाजूला काढावेसे वाटले. आमच्या बँडमध्ये मुली नव्हत्या. का नव्हत्या, असं विचारायचंही कुणाला सुचलं नाही, आणि त्या 10 रिकाम्या हातांच्या पोरांचं काय होत असेल हेही. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणताना मला हे दोन खडे दाताखाली येतात.

बँडला आता दिल्लीपर्यंत वाट आहे. केंद्र सरकार शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा घेतं. मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप, मुलींचा पाइप असे चार गट. चार ड्रम, दोन बिगुल आणि आठ बासऱ्या यांचा गट त्यात नाही.

ड्रम अजूनही मेरठहूनच येतात, जली कोठी भागातून. पान मात्र प्लास्टिकचं. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ही पानं निघाली, आपल्या शाळांत यायला बराच काळ गेला. मी शिबिरातल्या एका पोराकडून ड्रम मागून घेतला, उजवा उजवा डावा डावा केलं. काडी सुरेख उसळते. मग मुद्दाम 15 ऑगस्टला पुन्हा गेलो. पाऊस होता. पोरं प्लास्टिकचे रेनकोट घालून निघाली आणि ड्रम एप्रिलात वाजले तसेच वाजले, तसूभर फरक नाही. फेरीभर मी मागून चालत होतो आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. आम्हाला तो आवाज गावाला ऐकवता आला नाही, या पोरांना आला.

माझा फुटका ड्रम शाळेनं पुढे भंगारात काढला तेव्हा अण्णांनी तो किलोवर विकत आणला. आई त्यात कांद्याचं बी ठेवायची, तोंडाला फडकं बांधून. आई गेली, पण डबा म्हणून तो अजून माळ्यावर आहे. यंदा एप्रिलात पत्र्याखाली चढलो, बी बाजूला काढून ड्रम उलटा केला. वरचं पान गेलंय, मागचं शाबूत आहे. तात तुटलेली. बोटानं टिचकी मारली.

टण्.

खालून वहिनी म्हणाली, "काय पडलं हो भाऊजी?"