रविवार कोणाचा?

चळवळीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मध्यंतरी मला तोंडावर विचारलं, "ताई, तुम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलंत. इकडं गावागावांत बहिष्कार पडतायत, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत, पोरांची स्कॉलरशिप वेळेवर जमा होत नाही. आणि तुम्ही रविवारी पोरं गोळा करून सहलीला जाता. याला चळवळ म्हणायचं का?"

प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यातले अनेक जण बोलत नाहीत, पण मनात हेच ठेवतात. म्हणून उत्तर जाहीरपणे देते.

आधी आम्ही काय करतो ते सांगते. मी राहते टेंभुर्णीला, काम सोलापूर शहरात. तिथं आम्ही सहा-सात जण आहोत. दोन शिक्षक, एक रिक्षावाले दादा, नर्सिंगच्या दोन मुली, असे. महिन्यातले दोन रविवार शहरातल्या वस्त्यांमधली, पाचवी ते आठवीत शिकणारी तीसेक मुलं घेऊन बाहेर पडतो. नोंदणीकृत संस्था नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही. कधी भुईकोट किल्ला, कधी कंबर तलाव, कधी केगावचं विज्ञान केंद्र. पैसे जमले तर नान्नजच्या अभयारण्यात जातो. तिथं माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, पण काळविटांचे कळप दिसतात आणि मुलं खूश होतात. पावसाळ्यात नळदुर्ग, हिवाळ्यात उजनी. मुलं बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुसलमान आहेत, पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली आहेत. मुलं खेळतात, भांडतात, खातात, दमून परत येतात. बस्स, एवढंच.

आता मुद्द्यावर येते. रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते, तेव्हा महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टी देणारं विधेयक त्यांनी मांडलं. १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या पुस्तकात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी फुरसतीचाच मुद्दा काढला आहे. माणूस दिवसभर पोटासाठीच राबत राहिला, तर त्याच्या जगण्यात आणि जनावराच्या जगण्यात फरक उरत नाही. विचार करायला, शिकायला, संस्कृती घडवायला रिकामा वेळ लागतो. यंत्र तो वेळ देतं, म्हणून यंत्र हवं. चरख्याला त्यांचा विरोध होता त्यामागं हाही विचार होता. म्हणजे फुरसत ही श्रीमंतांची चैन आहे, असं आपल्या परंपरेनं कधीच मानलेलं नाही. ती लढून मिळवायची गोष्ट मानली.

पण लोखंड्यांचा तो रविवार सगळ्यांच्या दारात पोहोचला का? सोलापुरात घरोघरी बाया विड्या वळतात. घर हाच कारखाना असला की सुट्टी द्यायला कोण येणार? आमच्या गटातली एक सातवीतली मुलगी सुरुवातीला एक रविवार यायची आणि दोन चुकवायची. घरी गेले तर आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि ही शेजारी बसून पानं कापतेय. आई म्हणाली, "सोमवारी माल द्यायचा असतो ताई. ही गेली तर हजार कशा भरणार? आणि धाकट्याला कोण बघणार?" आईला दोष द्यायला मी गेले नव्हते. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. धाकटा भाऊ पण सहलीला येईल. आणि निघायचं सकाळी सातला, परतायचं दुपारी तीनला, म्हणजे संध्याकाळ कामाला मिळेल. तेव्हापासून ती नियमित येते. आमच्या गटात आज चार-पाच मुली अशा आहेत, ज्यांच्या कडेवर किंवा हाताला धरून एक लहान मूल असतं. मोजताना आम्ही त्यांनाही मोजतो. मुलांचा रविवार गल्लीत क्रिकेट खेळण्यात जातो, मुलींचा धुण्यात, विड्यांत आणि भावंडं सांभाळण्यात. समतेच्या गोष्टी करणाऱ्या आपल्या घरांतही हेच चित्र आहे. स्वतःच्या घरात डोकावून बघा.

दुसरा मुद्दा जागेचा. संविधानाचं कलम १५ आपण भाषणात नेहमी घेतो. त्याचं दुसरं उपकलम एकदा सावकाश वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक वापराच्या जागा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही यातून अडवता येणार नाही. ही यादी म्हणजे सहलीला निघालेल्या माणसाला दिवसभरात जे जे लागतं त्याची यादी आहे. रस्ता लागतो, वाटेत चहाचं हॉटेल लागतं, तहान लागली की पाणी लागतं, आणि शेवटी बघायचं ठिकाण लागतं.

या यादीतला एकेक शब्द आपल्या माणसांनी सोसलेला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी स्वतःचे दोन प्रवास सांगितलेत. पहिला १९०१ च्या सुमाराचा. उन्हाळ्याची सुट्टी, वडील नोकरीच्या गावी, आणि साताऱ्याहून त्यांना भेटायला निघालेली चार पोरं. नवे सदरे, झळझळीत टोप्या, नवे जोडे. पोरांच्या दृष्टीनं ती सहलच होती. मसूर स्टेशनवर जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, या अटीवर निघाले. जवळ डबा भरलेला होता, पण रात्रभर पाणी मिळालं नाही म्हणून उपाशी झोपले.

दुसरा प्रवास १९३४ चा. तो माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जरूर वाचावा. त्या वर्षी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच बाबासाहेबांकडं इच्छा व्यक्त केली, की आपण कुठंतरी फिरायला जाऊ, तुम्ही बरोबर चला. बाबासाहेबांनी 'आधी कामं उरका' म्हटलं नाही. ते तयार झाले, आणि वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं. सुमारे तीस जण निघाले. दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोहोचले, प्रवासाच्या धुळीनं माखलेले, म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. पाणी बाटवलं म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर शिपाई देऊन त्यांना आत सोडलं. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षं झाली होती. बाबासाहेब परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले, गोलमेज परिषदा गाजवून आलेले होते. तरी एका किल्ल्याच्या दारात हात धुता येत नव्हते.

म्हणून नळदुर्गला पाणी महालाच्या धबधब्याचे तुषार अंगावर घेत आमची पोरं ओरडत असतात, तेव्हा मला ती नुसती मजा वाटत नाही. आणि पोरांना मात्र ती नुसती मजाच वाटावी, असा माझा आग्रह असतो. इथं आमच्या गटात वाद झाले. एकाचं म्हणणं, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास प्रबोधन ठेवू. मी विरोध केला. हे मूल सहा दिवस शाळेत ऐकतं, घरी ऐकतं, जयंतीच्या मांडवात तीन-तीन तास भाषणं ऐकतं. सातव्या दिवशी त्याला बोलू द्या. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातसुद्धा कृतीतून, शोधातून शिकणं आणि मुलाला भयमुक्त करणं हेच सांगितलं आहे.

आणि न सांगता मुलं शिकतात, याचा अनुभव उजनीला आला. जानेवारीतला रविवार होता. सोलापूरहून एसटीनं मुलं टेंभुर्णीत उतरली. आमच्या विहारात बायकांनी कांदेपोहे केले होते. ते खाऊन धरणाकडं गेलो. बोटीत कोणाला बसवलं नाही. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान बोट उलटून सहा जीव गेले, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. काठावरूनच पक्षी बघितले, जलाशय बघितला. ११७ टीएमसीचं धरण, पलीकडचा काठ धूसर दिसतो. सोलापूरच्या नळाला इथूनच पाइपलाइननं पाणी जातं, एवढंच मी सांगितलं. सहावीतला एक जण बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "ताई, एवढं पाणी हाय, मग आमच्यात पाच दिसांनी का येतंय?" दुसरा म्हणाला, "ऊस पितोय की सगळं." सगळे हसले. मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी तो पोरगा वही घेऊन आला. वस्तीतल्या नळाला पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आलं, सगळं लिहिलेलं. चवदार तळ्यावर माझं भाषण ऐकून त्यानं ती वही केली असती का? मला शंका आहे.

आता पैशाचं. शाळेच्या सहली निघत नाहीत असं नाही. पण सहलीची फी जाहीर झाली की वर्गात दोन गट पडतात. न जाणारी मुलं "मला गाडी लागते" असं सांगतात. ती कारणं खरी नसतात हे शिक्षकांना कळतं, मुलांनाही कळतं. एसटी शाळांच्या सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. तिच्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. वस्तीतल्या पालकांनी ही सवलत माहिती करून घेऊन शाळेकडं मागणी केली पाहिजे. आमच्यासारखे गट शाळेला पर्याय नाहीत आणि होऊही नयेत.

मदत करणारे भेटतात, पण त्यांच्याशीही एकदा वाजलं. शहरातल्या एका संस्थेनं बस, टोप्या, टी-शर्ट सगळं देऊ केलं. अटी दोन. टी-शर्टवर 'वंचित मुलांसाठी आनंदाचा एक दिवस' असं छापायचं आणि फोटो त्यांना द्यायचे. आणि डबे शाकाहारीच आणायचे. आम्ही नम्रपणे नको म्हणालो. आमच्या डब्यांत अंडं असतं, सुकट असते, शेंगाचटणी असते, भाकरी असते. वर्तमानपत्र पसरून सगळे डबे मधे ठेवतो आणि ज्याला जे हवं ते तो घेतो. कोणाला खायचं नसेल तर जबरदस्ती नाही, पण कोणी डबा लपवायचाही नाही. सुरुवातीला झाकण अर्धवट उघडून खाणारी मुलं होती. आता "अंडं कोणी आणलं?" अशी आरोळी पडते. छातीवर 'वंचित' लिहून मिळणारा आनंद आम्हाला नको. दया वरून खाली येते. मैत्री बरोबरीनं असते, आणि तथागतांनी मैत्रीच सांगितली.

तर सहकाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं. ॲट्रॉसिटीची केस लढलीच पाहिजे. स्कॉलरशिपसाठी समाजकल्याणच्या दारात बसलंच पाहिजे. मीही बसते. पण ते सगळं अन्याय झाल्यानंतरचं काम आहे. ज्या मुलानं लहानपणी किल्ल्यात, विज्ञान केंद्रात, हॉटेलात हक्कानं पाय टाकला, पाणी मागितलं, तिकीट काढलं, प्रश्न विचारला, त्याला उद्या कोणी "तू इथं कसा?" म्हणालं तर ते मूल खाली मान घालणार नाही. मान खाली न घालणारी माणसं असतील तरच केस उभी राहते, साक्षीदार टिकतो. दोन्ही कामं एकाच चळवळीची आहेत.

शेवटी तरुण मित्र-मैत्रिणींना विनंती. १४ एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीतला थोडा हिस्सा बाजूला काढा. महिन्यातला एक रविवार द्या. आठ मुलांमागं एक मोठं माणूस, त्यात निम्म्या महिला. प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि फोन नंबर. पाण्याचे कॅन, प्रथमोपचाराची पेटी, निघताना आणि परतताना डोकी मोजणं. मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत. दूर जाऊ नका, आधी स्वतःच्या शहरातला किल्ला, तलाव, वाचनालय दाखवा. मोठेपणी याच मुलांकडं चळवळ सोपवायची आहे. त्यांना त्यांचा रविवार द्या.

जयभीम.