पायरीवरची पोरं

शिमग्याला पंधरा दिवस उरले की आमच्या वाडीची बैठक देवळात बसते. कुणी कुठं बसायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही, पण प्रत्येकाला आपली जागा माहीत असते. भिंतीला टेकून जाणती माणसं. त्यांच्यापुढं खजिनदार, मांडीवर लाल कापडी बांधणीची वही. खांबांच्या आसपास मधल्या वयाचे. आणि बाहेर पायऱ्यांवर पोरं. आतल्या सतरंज्या पोरांनीच घातलेल्या असतात, बैठक उठल्यावर गुंडाळायच्याही त्यांनीच. मधल्या वेळात चहाचे कप आत न्यायचे आणि रिकामे बाहेर आणायचे, तेवढाच काय तो आतबाहेरचा संबंध. बाया बैठकीला येत नाहीत. त्या घरी वाट बघतात आणि रात्री उशिरा नवऱ्याच्या तोंडून, त्याला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं, ऐकतात.

बिरवाडी बाजाराचं गाव. एका अंगाला काळ नदी, जवळच महाडची एमआयडीसी, गावावरून पुढं वरंध घाटाकडे जाणारा रस्ता. बाहेरून येणाऱ्याला आधी धुराडी दिसतात. पण गाव अजून चालतं ते गावकीवर. स्थानिक ग्रामस्थ मंडळ, त्याचं मुंबईतलं भावंड म्हणजे मुंबई मंडळ, आणि कागदावर एक महिला मंडळ, हा सांगाडा महाड-पोलादपूरच्या जवळपास प्रत्येक वाडीत सापडेल. पालखी, रस्ता, पाणी, देवळाचा पत्रा, लग्नातली भांडी, कुणाच्या बांधावरून वाट द्यायची, सगळं याच सांगाड्यावर तोललेलं.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा पायरीवरून एकदा तोंड उघडलं होतं. पाण्याच्या टाकीसाठी घरटी वर्गणी निघाली होती. दोन पावसाळे गेले, टाकी उभी राहिली नव्हती. बैठक संपत आली तशी मी विचारलं, "टाकीच्या पैशांचं काय झालं?" आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. आतून एक म्हातारे म्हणाले, "बाळा, तुझा बाप बसलाय ना हितं? त्याला बोलू दे." रागाने म्हणाले नाहीत, मायेनंच म्हणाले. वडील सतरंजीकडे बघत राहिले. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "विचारलंस ते बरोबर होतं. पण पायरीवरून का विचारलंस? आत येऊन विचारायचं."

मला ते त्या रात्री पटलं होतं. पुढं वर्षानुवर्षं त्या वाक्याशी भांडत आलो. आत यायला सरकून जागा कोण देणार होतं?

तरुण पोरं गावाच्या कामात नसतात अशी ओरड मी पुष्कळ ऐकतो. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आले की हमखास ऐकतो. मोबाइलमध्ये डोकं, कशात लक्ष नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. मला हे खोटं वाटतं, आणि ते खोटं आहे हे सांगायला माझ्याकडे चिखलाची साक्ष आहे. २०२१ च्या जुलैत २२ तारखेला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच संध्याकाळी तळियेची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली. ऐंशीहून जास्त माणसं. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही त्याच पावसात दरडी आल्या. रस्ते तुटलेले, मोबाइलला रेंज नाही, वीज नाही. त्या दिवसांत आमच्या भागातली पोरं कुठं होती हे मी पाहिलं आहे. कमरेपर्यंत गाळात उभं राहून दुसऱ्याच्या घरातली भांडी, गाद्या, देव बाहेर काढत होती. तांदळाची पोती डोक्यावर घेऊन चढ चढत होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह गेला, त्या वेळीही किनाऱ्याकिनाऱ्याने दिवस दिवस शोधत फिरणाऱ्यांत इथलीच माणसं होती.

हात लागतात तिथं पोरं असतात. मग तोंड लागतं तिथं ती का नसतात, हे पोरांना विचारण्याआधी आपण आपल्याला विचारायला हवं.

पुरानंतरच्या त्या दिवसांतली एक गोष्ट मला सोडत नाही. मदतीच्या गाड्या पुण्या-मुंबईकडून ओळीने येत होत्या. माणसं मनापासून आलेली. पण गाडी थांबते ती रस्त्यालगतच्या वाडीत. तिथं एकेका घरात चार चार वेळा तांदूळ-डाळ आली, आणि आत, ओढ्यापलीकडच्या घरांत चार दिवस काही पोचलं नाही. हे कुणाच्या लक्षात आलं? आमच्या वाडीतल्या एका मुलीच्या. कॉलेजात शिकणारी, अठरा-एकोणीसची. तिनं शाळेची दोनशे पानी वही घेतली, घरागणिक एक ओळ आखली आणि लिहायला लागली. घरात माणसं किती, म्हातारं कोण, अंगावरचं बाळ आहे का, साखरेची गोळी कोण घेतं, काय मिळालं, काय नाही. मग गाडी आली की ती ड्रायव्हरच्या खिडकीशी वही घेऊन उभी राहायची आणि सांगायची, "दादा, इथं पुरे. आत चला, मी दाखवते." सरकारी पंचनामे झाले तेव्हा सुटलेली तीन घरं तिच्या वहीत सापडली.

दिवाळीनंतर सत्कार झाला. ट्रक पाठवणाऱ्यांना नारळ-शाल मिळाली, ते रास्तच होतं. गाळ उपसणाऱ्या पोरांनाही टाळ्या मिळाल्या. वहीचा उल्लेख झाला नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा पूर आला तर काय करायचं यावर बोलणं निघालं, तेव्हा ती वही आमच्यात नव्हती, कारण ती मुलगी नव्हती. मी होतो. एव्हाना मी खांबापाशी बसायला लागलो होतो. तिला बोलवा, असं मी त्या रात्री म्हणालो नाही. ते मला आजही लागतं.

पोरांच्या हाती गाव काय देतं? कुदळ देतं, सतरंजी देतं, पालखीचा खांदा देतं. वही देत नाही. आणि गावात सत्ता म्हणून जी काही असते ती वहीत असते. वर्गणी कुणी दिली, कुणाची थकली, ठराव काय झाला, कुणाच्या शब्दावर झाला, हे लिहिणाऱ्याच्या अक्षरात उरतं. बाकी सगळं वाऱ्यावर जातं.

चवदार तळं इथून जवळ. २० मार्चला महाडचे रस्ते माणसांनी भरतात. शाळेत मला तळ्याची गोष्ट शिकवली तीत बाबासाहेब होते आणि त्यांच्यामागे हजारो माणसं. ती परिषद महाडात भरावी म्हणून कोण झटलं, हे फार उशिरा कळलं. रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाडजवळच्या लाडवलीचा, घर दासगावचं. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत घेईनात, तेव्हा त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. वय अकराच्या आसपास. पत्र छापून आलं आणि प्रवेश द्यावा लागला, जरी बसायला जागा वेगळी मिळाली. पुढं विशीत पोचल्यावर याच मोऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बाबासाहेबांना महाडला आणायचं मनावर घेतलं. गावोगाव फिरले, माणसं जोडली, आणि हे एका महिन्याचं काम नव्हतं, काही वर्षांचं होतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा मोरे चोवीस वर्षांचे होते. अध्यक्षस्थानी बसलेले बाबासाहेबही चाळिशीच्या आतले.

मला त्या परिषदेतलं सगळ्यात जास्त आठवतं ते पाणी. पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसं भाकऱ्यांची गाठोडी घेऊन लांबलांबून चालत आली होती, असं बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीरांनी लिहून ठेवलं आहे. आणि त्यांच्या तहानेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, हेही. तळं समोर. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ सालीच झालेला. महाड नगरपालिकेनंही पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केलेला. ठराव वहीत होता, पाणी तळ्यात होतं, आणि मधलं अंतर तीन वर्षं कुणी चाललं नव्हतं. परिषदेच्या शेवटी अनंतराव चित्रे उठले आणि म्हणाले की आता तळ्यावर जाऊ या. मग ते अंतर चाललं गेलं. परतताना माणसांनी मार खाल्ला, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

चित्रे ब्राह्मणेतर असले तरी सवर्ण होते, नगराध्यक्ष सुरबा टिपणीस सवर्ण होते, आणि दोघं सोबत उभे राहिले. दासगावात मोऱ्यांच्या आधी गोपाळबाबा वलंगकर राहून गेले होते. पलटणीतून निवृत्त झालेले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे, महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले तेव्हा इतर सभासदांचा विरोध सोसणारे. म्हणजे त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या मागं एका म्हाताऱ्याची घासलेली लेखणी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तरुणांची बाजू घेताना जाणत्यांना बाजूला सारायची घाई मला मंजूर नाही. कुठला ओढा १९८० च्या आधी कुठून वाहत होता, कुठल्या उतारावर घर बांधू नये असं आजा म्हणायचा, हे भिंतीला टेकून बसलेल्यांनाच ठाऊक असतं. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी आल्या. असं काही घडलं की ही आठवण सोन्यासारखी वाटते. पण ती आठवणही कुणीतरी लिहून घ्यायला हवी, आणि लिहून घेणारा पायरीवर बसलेला असतो.

कायद्यानं पाहिलं तर पायरी नाहीच. १९८९ च्या मार्चमध्ये घटनेची ६१ वी दुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. अठराची मुलगी आणि ऐंशीचे आबा, दोघांचं मत एकाच वजनाचं. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असंही कायदा सांगतो. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला कमी आकडा पुरतो. मात्र तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. मोजकी माणसं बसतात आणि पाचशे घरांचा निर्णय होतो. मी पोरांना सांगतो की तुमची गैरहजेरी कुणालातरी सोयीची असते, ती फुकट देऊ नका. ती ऐकतात. काही जण येतात. एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्यांना पाळी बदलून मिळत नाही, हेही खरं.

आणि भीती. तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. रायगडात गावकीनं घरं वाळीत टाकल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला, जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण एकोणीस वर्षांचा मुलगा प्रश्न विचारायला उठतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं कलम नसतं, आई असते. विहिरीवर तिच्याशी कोण बोलेल, बहिणीच्या लग्नाला माणसं येतील का. माझे वडील त्या रात्री सतरंजीकडे का बघत होते ते मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं. त्यांना माझी लाज वाटली नव्हती. ते मनात घरं मोजत होते.

यंदा शिमग्याआधीच्या बैठकीला खजिनदार तात्यांचे डोळे साथ देत नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. वही डोळ्यांशी नेली, लांब धरली, शेवटी पायरीकडे बघून म्हणाले, "कुणीतरी वाचा रे." बारावीत असलेला एक मुलगा चपला काढून आत आला. बसायला जागा नव्हती. मी सरकलो. त्यानं वही मांडीवर घेतली आणि वाचायला सुरुवात केली. मागील शिल्लक, वर्गणी, मंडप, वाजंत्री, प्रसाद. किरकोळ खर्चापाशी थांबला. ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "तात्या, हा आकडा कशाचा? इथं नुसतं किरकोळ लिहिलंय."

देऊळ गप्प झालं. तीन-चार जणांच्या माना त्याच्या बापाकडे वळल्या. बाप माझ्या शेजारच्याच खांबाला टेकलेला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो काही बोलला नाही, मुलाला गप्पही केलं नाही.

तात्यांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत लावला.

"मागच्या पानावर जा," ते म्हणाले. "तारखेसकट वाच. आणि जरा मोठ्यानं, बाहेर पायरीवर ऐकू जाऊ दे."